मुदत आणि वीट

गेल्या आश्विनात जमिनीच्या एका दाव्यानिमित्त सोलापुरास जाणे झाले, आणि प्रतिपक्षाचे वकील आजारी पडल्यामुळे काम पुढच्या तारखेवर तहकूब होऊन माझ्या हाती एक पुरा दिवस अकस्मात मोकळा आला, तेव्हा तो पुण्यास परतून कागदपत्रांत घालविण्याऐवजी कुर्डुवाडीस गाडी बदलून मी पंढरपुरास, म्हणजे आमच्या घरी, गेलो. बार्शी लाईटची ती अरुंद रुळांची लहान गाडी १९०६ सालापासून वारकऱ्यांना कुर्डुवाडीहून पंढरीस पोचवीत आली होती, आणि तिच्या संथ चालीने मी लहानपणापासून अधीर होत आलो होतो. त्या दिवशीही खिडकीशी बसून मी मनाशी हिशेब मांडीत होतो की दुपारी पोचावे, आईचे दर्शन घ्यावे, दादांशी चार शब्द बोलावे आणि संध्याकाळच्या गाडीने निघून रात्री कुर्डुवाडीस पुण्याची गाडी गाठावी.

आषाढीची यात्रा केव्हाच पांगली होती आणि कार्तिकीला अजून अवकाश होता. अशा मधल्या दिवसांत पंढरपूर क्षेत्र राहत नाही, नुसते गाव होते. चंद्रभागेचे पाणी उतरून पुंडलिकाच्या देवळाभोवतीचे वाळवंट पुन्हा उघडे पडलेले असते, घाटाच्या पायऱ्यांवर गावच्या बायका धुणी आपटीत असतात, बुक्क्याच्या आणि तुळशीमाळांच्या दुकानांवर अर्धा पडदा ओढून दुकानदार आत जेवावयास गेलेले असतात. या गावाचे हे रूप ज्याने पाहिले नाही त्याला विठ्ठल हा मूळचा घरगुती देव आहे हे कदाचित समजणार नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे.

ओसरीवर आई वाती वळीत बसली होती. वडील गेल्यानंतर तिने लक्ष वातींचा संकल्प सोडला होता, आणि दृष्टी अधू झाली असताही केवळ बोटांच्या सवयीने ती कापसाच्या पेळूतून एकसारखी वात ओढून शंभर-शंभरांच्या जुड्या बांधून सुपात ठेवीत असे. मी पायांवर डोके ठेवले तेव्हा तिने विचारले ते एवढेच, की जेवलास का. आणि जेवलो नाही म्हणताच आत वहिनींना हाक मारून ती पुन्हा आपल्या कापसाकडे वळली. आमच्या घरी येणाऱ्याला हाच पहिला प्रश्न विचारण्याची वहिवाट आहे, आणि ती वडिलांनी पाडली होती.

दादा माझ्याहून चौदा वर्षांनी वडील. मामलेदार कचेरीत उमेदवार म्हणून लागले आणि अव्वल कारकून होऊन गेल्याच वर्षी सेवेतून मोकळे झाले. जेवणानंतर आम्ही दोघे ओसरीच्या दुसऱ्या टोकास सुपारी कातरीत बसलो असता टपालवाला एक कार्ड देऊन गेला. दादांनी ते वाचले, उलटे करून चौरंगावर ठेवले आणि अडकित्ता पुन्हा हाती घेतला. त्यांच्या थोरल्या मुलीसाठी पाहिलेल्या स्थळाकडून नकार आला होता. आणि असा नकार येण्याची ती पहिली वेळ नव्हती, हे मला ठाऊक होते.

"असो," दादा म्हणाले. "त्याची वेळ आली म्हणजे आपोआप जमेल."

हे वाक्य मी या घरात इतक्या वेळा ऐकले आहे, आणि इतक्या निरनिराळ्या प्रसंगी, की त्या दिवशी मला ते सहन झाले नाही.

"दादा, क्षमा करा," मी म्हणालो, "पण वेळ ही देवाच्या मालकीची वस्तू आहे हे मला कधीच पटले नाही. माझा सारा व्यवसाय मुदतीवर उभा आहे. १९०८ सालचा मुदतीचा कायदा उघडून पाहा. कितीही न्याय्य हक्क असो, मुदतीत दावा दाखल झाला नाही तर न्यायाधीश तुमचे कागद सत्य आहेत की असत्य हे पाहायलासुद्धा बांधलेला नाही. मी असे शेतकरी पाहिले आहेत की ज्यांची जमीन खरोखर त्यांची होती, ज्यांच्यापाशी सनदा होत्या, साक्षीदार होते, पण 'पाहू, देव बुद्धी देईल भाऊबंदांना' म्हणून ते बारा वर्षे गप्प बसले आणि जमीन गेली. त्यांना देवाने हात दिला नाही. तुम्हीही त्या मुलीच्या बाबतीत वेळेची वाट पाहत बसण्यापेक्षा चार ठिकाणी हिंडले पाहिजे."

दादा रागावले नाहीत. रागावणे हा त्यांचा स्वभाव नाही, आणि मला वाटते तीस वर्षे रयतेचे अर्ज ऐकून घेतल्यामुळे समोरच्याचे म्हणणे संपल्यावर क्षणभर थांबण्याची त्यांना सवयच लागली आहे.

"हिंडतोच आहे," ते म्हणाले. "गेल्या चैत्रापासून सात गावे झाली. तुला वाटते मी हातावर हात ठेवून बसलो आहे, कारण मी त्रागा करीत नाही. अरे, सारावसुलीचे कागद मी जन्मभर लिहिले. सरकारसुद्धा पीक किती आणे आले ते पाहते. पीक बुडाले तर सारा तहकूब करते आणि फारच बुडाले तर सूट देते, कारण आभाळावर समन्स बजावता येत नाही हे साहेबालाही माहीत होते. पण सारा तहकूब झाला म्हणून कुणब्याने नांगर आढ्याला टांगला, असे मी एकही गाव पाहिले नाही. तो ढेकळे फोडतो, बांध घालतो, बी राखून ठेवतो, आणि मग आभाळाकडे पाहतो. 'त्याची वेळ' म्हणजे मी एवढेच म्हणतो. करायचे ते केल्यावर जे उरते त्याला दुसरे काय नाव द्यायचे?"

"नाव देण्याला माझी हरकत नाही," मी म्हणालो, "ते नाव पुढे करून माणसे काय करतात याला आहे. आपल्याच गावाची गोष्ट घ्या. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्यास कुसाचे काम करताना ढिगाऱ्याखाली गेले. त्यांची समाधी महाद्वारासमोर आहे; रोज हजारो माणसे तिला हात जोडून आत जातात. त्यांच्या जातीच्या माणसाला मात्र त्या समाधीच्या पुढे पाऊल टाकायला सहाशे वर्षांवर काळ लागला. त्या सहाशे वर्षांत या गावातल्या किती सज्जन माणसांनी म्हटले असेल, की गोष्ट खरी आहे, पण वेळ यायची आहे! शेवटी साने गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले, आणि १ मे १९४७ रोजी येथे येऊन त्यांनी अन्न सोडले, तेव्हा कुठे दहा-अकरा दिवसांत दार उघडले. दादा, ती सहाशे वर्षे देवाची वेळ होती काय?"

अडकित्त्याचा आवाज थांबला. पलीकडे आईची बोटे तेवढी चालू होती.

"नाही," दादा म्हणाले. "ती आपली होती, आणि आपण ती देवाच्या नावे खर्ची टाकली. देव आत उभाच होता. दार आपण लावले. मी त्या वेळी तनपुरे महाराजांच्या मठावरून रोज कचेरीत जात असे. गुरुजी पडून असलेले दिसत. मी एक दिवसही आत गेलो नाही, कारण कचेरीत कोण काय म्हणेल याची धास्ती होती. तेव्हा हा तुझा आरोप मी पुरता कबूल करतो. कोणती वेळ आपली आणि कोणती त्याची, हा निवाडा मला प्रत्येक वेळी करता येतो असे मी कधीच म्हटलेले नाही."

दादा इतक्या सरळपणे कबुली देतील अशी माझी अपेक्षा नव्हती. वकिलाला प्रतिपक्षाने एकदम मुद्दा सोडून दिला म्हणजे जी अस्वस्थता वाटते ती मला वाटू लागली.

"पण एक सांग," ते पुढे म्हणाले, "ज्या माणसाने वेळेची वाट न पाहता प्राण पणाला लावले, तोच माणूस १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत एक पुस्तक लिहून बसला. काय लिहिले त्याने त्यात? स्वातंत्र्याची युद्धे नाहीत, तुरुंगातले हाल नाहीत. कोकणातल्या एका गरीब घरात आईने मुलाला काय दिले, काय नाकारले, कशाबद्दल मारले, कशाबद्दल जवळ घेतले, इतकेच. एवढी घाई असलेला मनुष्य या बारीकसारीक गोष्टींपाशी थांबतो, याचा अर्थ तू काय लावतोस?"

येथे थोडे विषयांतर होईल, पण दादांच्या या प्रश्नाने मला पुढे अनेक दिवस छळले म्हणून ते नमूद करतो. आपल्या भाषेतील जे गद्य आपण वारंवार जवळ घेतो त्यातले कितीतरी असे घरातूनच आलेले आहे. रमाबाई रानड्यांनी १९१० साली आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या तेव्हा महादेव गोविंद रानडे हे हायकोर्टाचे न्यायमूर्ती आणि महाराष्ट्राचे पुढारी म्हणून सर्वांना ठाऊक होतेच. रमाबाईंनी दाखविला तो बायकोला शिकवीत बसणारा, घरातल्या माणसांचे टोमणे मुकाट्याने ऐकणारा गृहस्थ. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'त धर्मांतरासारखी घर दुभंगून टाकणारी घटना आहे, आणि त्या ताटातुटीतील काही काळ त्यांनी याच पंढरपुरात काढलेला आहे. पण पुस्तक मिटल्यावर मनात रेंगाळतात त्या चूल, मुले, भांडणे आणि समेट. यांपैकी कोणीही एखादा भव्य विषय सापडेपर्यंत लेखणी आवरून धरली नाही. जे रोजचे होते तेच त्यांनी मौल्यवान मानले, आणि ते हातचे गेल्यावर का होईना, कागदावर उतरविले.

हातचे गेल्यावर! माझ्या मनातील शल्य नेमके याच शब्दांत होते, आणि दादांना मी जे उत्तर दिले त्यात वादाचा आवेश राहिला नाही.

"त्याच पुस्तकात," मी म्हणालो, "तो मुलगा, श्याम, घरी पोचतो तेव्हा आई उरलेली नसते. ते प्रकरण मला वाचवत नाही, दादा. तुम्हांला आठवते, वडिलांनी मला त्या वर्षी पत्र घातले होते की दिवाळीस सवड काढून आठ दिवस यावे. मी लिहिले, एका मोठ्या प्रकरणाची तयारी आहे, नाताळच्या सुटीत खात्रीने येतो. ते मार्गशीर्षात गेले. तुमची तार मिळून मी येथे पोचलो तेव्हा तुम्ही सारे वाळवंटावरून परत आला होता. नाताळची सुटी मला मिळाली. ती मी दहाव्या-तेराव्याच्या विधीत घालविली. आता मला सांगा, त्यांची वेळ देवाने नेमली होती असे मी मानावे काय? तसे मानले म्हणजे माझ्यावरचा बोजा उतरतो, हे मला कळते. पण मला तो असा उतरवायचा नाही. माझ्या हातात एक दिवाळी होती आणि ती मी तहकूब केली. मुदतीच्या कायद्यात कलम पाच आहे; सबळ कारण दाखविले तर उशिरा आलेले अपील दाखल करून घेता येते. पण तेही अपिलालाच. मूळ दाव्याला ती सवलत नाही. माझा तर मूळ दावाच बुडाला."

दादा बराच वेळ काही बोलले नाहीत. परसातून रहाटाचा आवाज येत होता. वहिनी पाणी काढीत असाव्यात.

"तू दूर होतास," ते अखेर म्हणाले, "म्हणून तुझी चूक तुला स्वच्छ दिसते. तिला तारीख आहे, पत्र आहे, पुरावा आहे. मी याच घरात होतो. त्या दिवशी सकाळी ते याच खांबाशी बसून मला काहीतरी सांगत होते. लिंबोणीविषयी होते की रहाटाच्या दोराविषयी होते, की तुझ्याविषयी होते, मला माहीत नाही. कचेरीत जमाबंदीचे कागद रवाना व्हायचे होते, मी कोटाची बटणे लावीत होतो, आणि ऐकून न घेताच 'हो, हो, पाहतो' म्हणून बाहेर पडलो. दुपारी शिपाई धावत बोलवायला आला. ते काय सांगत होते ते मला आजतागायत आठवत नाही. आठवत नाही असे कसे म्हणू? मी ते ऐकलेच नाही. आता बोल, वीस वर्षे त्यांच्या पंक्तीला बसून जेवलेल्या माझ्या पदरात तुझ्यापेक्षा काय अधिक पडले?"

हे त्यांनी कोणाला पूर्वी सांगितले असेल असे मला वाटत नाही. आईचे हात क्षणभर थांबल्यासारखे मला वाटले, पण मी तिकडे पाहिले नाही.

"मग तर माझेच म्हणणे सिद्ध झाले," मी हळूच म्हणालो. "जवळ असो की दूर, माणसाच्या हातून क्षण जातो तो जातोच."

"नाही," दादा म्हणाले, आणि त्या 'नाही'त अशी काही दृढता होती की मी पुढे बोललो नाही. "मीही दोन वर्षे तेच म्हणत होतो. मग मागल्या एकनाथषष्ठीस पैठणला गेलो. नाथांच्या वाड्यात तो रांजण आहे, तू लहानपणी पाहिला आहेस. श्रीखंड्या नावाचा एक पोरगा चाकर म्हणून राहिला, गोदावरीचे पाणी कावडीने आणून त्याने बारा वर्षे तो रांजण भरला, आणि तो निघून गेल्यावर नाथांना कळले की हा कोण होता. ही कथा आपण शेकडो कीर्तनांत ऐकली आहे, आणि प्रत्येक कीर्तनकार तिचा अर्थ भक्ताचा मोठेपणा म्हणून सांगतो. मला त्या दिवशी रांजणापुढे उभे असताना दुसरेच सुचले. नाथांसारख्या अधिकारी पुरुषालाही बारा वर्षे ओळख पटली नाही. रोज तो पोरगा समोरून जात असेल, नाथ लेखनात असतील, अतिथींच्या व्यवस्थेत असतील, 'पाणी भरलेस का रे' एवढे विचारीत असतील. पण ओळख पटली नाही म्हणून पाणी भरायचे राहिले काय? तो रांजण रोज भरला गेला, त्या पाण्यावर स्वयंपाक झाला, येणारा-जाणारा तृप्त होऊन गेला. नाथांचे लक्ष नव्हते म्हणून त्यातला एक तांब्यादेखील कमी झाला नाही. वडिलांनी मला शेवटच्या सकाळी काय सांगितले ते माझ्या कानांत शिरले नाही. पण त्यापूर्वीच्या पन्नास वर्षांच्या सकाळी? त्यांतल्या किती माझ्या लक्षात आहेत? आणि तरी मी त्या पाण्यावरच वाढलो की नाही?"

"ही तुमची श्रद्धा आहे, दादा. मला ती हवी आहे, पण नुसती हवी आहे म्हणून ती पुरावा होत नाही."

"तू वकील आहेस. थांब."

ते उठून माजघरात गेले आणि कडीपाटाच्या खोलीतल्या पेटीतून लाल बासनात बांधलेली वडिलांची रोजकीर्द घेऊन आले. वडील जन्मभर घरखर्च मोडीत लिहीत. मीठ, तेल, गवळ्याचा रतीब, परटाचे देणे, बडव्यांना दक्षिणा; पैपर्यंत सारे. मोडी वाचण्याचा माझा सराव गेलेला, तेव्हा दादा बोटाने ओळ दाखवीत आणि मी अक्षर लावीत जाई.

"हे पाहा. श्रावणातले."

मी अडखळत वाचले. चिरंजीव पुण्याहून आले. दूध पावशेर अधिक.

"हे पुढचे. फाल्गुन."

चिरंजीव आले, दूध पावशेर अधिक, मुक्काम एक रात्र. आणि मग मी स्वतःच पाने उलटू लागलो. वर्षामागून वर्षे तेच होते. मी पुण्यास शिकावयास गेलो तेव्हापासूनचे; कायद्याच्या परीक्षेनंतरचे; लग्नानंतरचे, जेथे पावशेराचा अच्छेर झाला होता; मुलगा झाल्यावरचे, जेथे खडीसाखरेची नोंद होती. मी आलो केव्हा आणि गेलो केव्हा हे मला एकाही खेपेचे आठवत नव्हते, पण प्रत्येक खेप खर्चाच्या बाजूस रुजू होती. लहानपणी मला रात्री दूध घेतल्याशिवाय झोप येत नसे. ती सवय केव्हाच सुटली होती, पण या घरी आलो म्हणजे निजताना उशाशी पेला असायचा, आणि तो कोणी, कधी, कशासाठी ठेवला याचा मी कधी विचारही केलेला नव्हता.

शेवटच्या वर्षाची वही काढताना दादांनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि आश्विन वद्याचे पान उघडून ते माझ्यापुढे ठेवले. धनत्रयोदशीची ओळ होती. चिरंजीव येतील म्हणून दूध अच्छेर अधिक घेतले. त्याखाली दुसऱ्या दिवशीच्या शाईने, थोड्या तिरप्या अक्षरात: आले नाहीत. दही लाविले.

मी ती वही मांडीवर घेऊन बसून राहिलो. तक्रारीचा एक शब्द त्या ओळीत नव्हता. माझे नकाराचे पत्र त्यांना त्यापूर्वीच आठ दिवस पोचलेले होते. येणार नाही हे माहीत असताना त्यांनी दूध घेतले होते, आणि आलो नाही तेव्हा ते वाया जाऊ दिले नव्हते.

"पुंडलिकाची गोष्ट तुला माझ्याहून चांगली येते," काही वेळाने दादा म्हणाले. त्यांचा आवाज आता इतका खाली आला होता की पलीकडच्या आईला तो ऐकू गेला नसावा. "देव दाराशी आला असता याने वीट भिरकावली आणि म्हणाला, आईबापांचे पाय चेपून होऊ देत. हे आपण कौतुकाने सांगतो. पण त्याआधीचा पुंडलिक कोणी सांगत नाही. त्याने आईबापांना टाकले होते, त्यांची हेळसांड केली होती, बायकोला घेऊन काशीची वाट धरली होती. वाटेत कुक्कुट मुनींच्या आश्रमात त्याचे डोळे उघडले आणि तो परत फिरला. तुझ्या भाषेत सांगायचे तर त्याची सेवा मुदतीत दाखल झालेली नव्हती. तरुणपणची सारी वर्षे बुडाली होती. मग देव भेटायला कोणाकडे आला? जन्मभर न चुकलेल्याकडे नाही, या उशीर झालेल्याकडे आला. आणि त्याने दिले काय बसायला? पाट नाही, चौरंग नाही. हाताशी पडलेली एक वीट. घर बांधताना उरलेली असेल, की चुलीपाशी ठेवलेली असेल, कोण जाणे. देव त्या विटेवर उभा राहिला आणि अजून तेथेच आहे. मी रोज काकड्याला जातो तेव्हा मला त्याचे मुख दिसते तशी ती वीटही दिसते."

"मग तुमचे म्हणणे असे, की घाई आपली नसावी, कारण तो थांबतो?"

"मी तसे म्हटले नाही. घाई हवी तेथे हवीच; गुरुजींच्या मठाबाहेरून मी निघून गेलो ते मला अजून बोचते. मी इतकेच म्हणतो, की माणसाच्या मुदती बुडतात त्या दिवशी त्याची मुदत बुडत नाही. ती नेमकी कशी चालते हे मला माहीत नाही. या पोरीचे लग्न या वैशाखात होईल की पुढच्या, हेही मला माहीत नाही. पण आज सकाळी तिने मला न सांगता माझ्या धोतराला दंड घातला, हे मी पाहिले. पूर्वी मी पाहिले नसते."

ही शेवटची गोष्ट त्यांनी अगदी सहज सांगितली, आणि मला वाटते एवढ्या वेळच्या आमच्या बोलण्यात तीच सर्वांत मोठी होती. माझ्या शंका त्या दिवशी पुसल्या गेल्या असे मी लिहिले तर ते खोटे होईल. चोखोबांच्या सहाशे वर्षांचे उत्तर दादांनी दिले नाही, आणि त्यांनी ते देण्याचा प्रयत्न केला नाही म्हणूनच मी त्यांचे बाकीचे म्हणणे ऐकू शकलो. मी इतके मात्र म्हणू शकतो, की दोन वर्षे मी वडिलांच्या बाबतीत स्वतःला ज्या न्यायासनापुढे उभे केले होते तेथे हा कागद दाखल झालेला नव्हता, आणि तो माझ्या हाती पडण्यास एका अनोळखी वकिलाचे आजारपण, तहकूब झालेली एक तारीख आणि ती संथ लहान गाडी इतके सारे कारण व्हावे लागले.

उन्हे उतरून ओसरीच्या खांबांच्या सावल्या अंगणात लांबल्या होत्या. साडेपाचास टांगा बोलाविलेला होता. मी रोजकीर्द बासनात बांधून दादांच्या हाती दिली आणि आईपाशी जाऊन बसलो. सुपातील जुड्या तिने मला मोजावयास सांगितल्या. त्या नऊ भरल्या. दहावीतल्या वाती थोड्या कमी होत्या, म्हणून मी एक पेळू उचलून ओढून पाहिला, पण माझी वात जाड-बारीक झाली. ती तिने चाचपून पाहिली, काही न बोलता मोडून पुन्हा वळली आणि जुडीत घातली.

तेवढ्यात दाराशी गवळ्याची हाक आली. वहिनी पातेले घेऊन बाहेर आल्या, आणि उंबऱ्याशी थांबून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"भाऊजी, गाडीला जायचे आहे ना?"

मी उत्तर देण्यापूर्वीच आई, नजर कापसावरून न काढता, म्हणाली,

"पावशेर जास्त घे गं."

बाहेर गल्लीच्या तोंडाशी घुंगरांचा आवाज येऊन थांबला होता. मी उठलो आणि टांगेवाल्याला परत जावयास सांगण्यासाठी बाहेर गेलो.